तोंडात पाणी घालता आलं नाही: एका सिस्टरच्या पत्राला उत्तर

आधी पत्र थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या सिस्टर कोकण किनाऱ्यावरच्या एका सरकारी रुग्णालयात १७ वर्षं स्टाफ नर्स आहेत. वय ४३. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये त्यांनी कोविड वॉर्डात ओळीने नाइट केल्या. एका रात्री वॉर्डात १४ पेशंट होते, त्यातले १० मोठ्या फ्लोच्या ऑक्सिजनवर. ड्यूटीला त्या आणि एक नवीन मुलगी. बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, असलेल्या एका आजोबांची लेक मुंबईहून व्हिडिओ कॉलवर होती आणि "सिस्टर, बाबांच्या तोंडात चमचाभर पाणी घाला हो" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मास्क काढला तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, कोसळणार, पाणी श्वासनलिकेत जाणार, म्हणून सिस्टरनी पाणी घातलं नाही. पहाटे आजोबा गेले.

आज इतक्या वर्षांनीही सिस्टरना तीन तासांच्या वर झोप लागत नाही. शेजारच्या वॉर्डात मॉनिटर वाजला तरी छातीत धस्स होतं. नातेवाइकांवर त्या खेकसतात, आणि घरी मुलाच्या वाढदिवसालाही आतून काही हलत नाही. मेडिकलमधून आणलेली, घबराट कमी करून झोप आणणाऱ्या अल्प्राझोलामची अर्धी गोळी दोन वर्षं रोज चालू आहे. सासूबाई म्हणतात, देवाला कौल लावून बघू. नवरा म्हणतो, नोकरी सोड. बरोबरच्या सिस्टर म्हणतात, "सगळ्यांनीच केलं, तुझंच काय वेगळं?" त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. मला वेड लागतंय का? नोकरी सोडू का? आणि इथे डॉक्टरकडे गेले तर गावभर होईल, मग जाऊ कुठे?

सिस्टर, मी २२ वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मानसोपचार करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ते टोचत राहणार नाही. तुम्हाला वेड लागत नाहीये. तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रात मला एक नाही, तीन-चार धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. ते सुटे केल्याशिवाय कुठली गोळी आणि कुठला सल्ला कशासाठी, हे ठरणार नाही.

मॉनिटरच्या आवाजापासून सुरुवात करू, कारण तुम्ही लिहिलंय की त्याची तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सॅच्युरेशन उतरतं तशी त्या यंत्राची टिकटिक खालच्या पट्टीत जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दोन महिन्यांत तुमचा कान त्या उतरत्या सुरासाठी तयार झाला होता. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतानाही सूर उतरला की पाय आपोआप धावायचे, आणि त्या धावण्याने काही माणसं वाचली. मेंदूचा जो भाग धोका ओळखतो तो शिकलेलं सहज विसरत नाही, आणि त्याला कॅलेंडर वाचता येत नाही. साथ संपल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आज साध्या तापाच्या पेशंटचा मॉनिटर वाजला तरी हात गार पडतात. यासोबत ती रात्र स्वप्नात येणं, त्या खोलीत जायचं टाळणं, सतत सावध राहणं आणि भावना बधिर होणं हे सगळं महिन्यापेक्षा जास्त टिकलं, की आम्ही आघातोत्तर ताणाच्या विकाराचा, म्हणजे पीटीएसडीचा, विचार करतो. तुम्ही १२ नंबरची खोली टाळण्यासाठी लांबून वळसा घालून स्टोअरला जाता, असं लिहिलंय. निदान पत्रावरून करणं चूक आहे, पण मी तुमच्या जागी असते तर याची नीट तपासणी करून घेतली असती.

आता उशिराचं. "तेव्हा मी ठणठणीत होते, आता का?" असं तुम्ही विचारता. हे मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की मला त्याचं आश्चर्य वाटेनासं झालंय. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्सची साथ आली. ती ओसरल्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी तिथल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. सार्सचे पेशंट न सांभाळलेल्या शेजारच्या शहरातल्या कर्मचाऱ्यांपेक्षा त्यांच्यात थकवा, मानसिक त्रास आणि आघाताची लक्षणं जास्त सापडली. कित्येकांनी पेशंटशी येणारा संबंधच कमी करून घेतला होता. मात्र ज्यांना साथीच्या काळात पुरेसं प्रशिक्षण आणि संस्थेचा आधार मिळाल्यासारखं वाटलं होतं, त्यांचं बरं चाललं होतं. संकट अंगावर असताना माणूस काम करतो. ते सरलं, हात रिकामे झाले, की मग शरीर हिशोब मागायला बसतं.

आणि आपल्याकडे हात रिकामे झालेच कधी? मुंबई-पुण्यात बसून हा प्रश्न बघणाऱ्यांना कोकणातली ती दोन वर्षं समजत नाहीत, असं मला वाटतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडची घरं उघडी पडली, माडपोफळी आडव्या झाल्या. ऑगस्टमध्ये गणपतीला चाकरमानी आले, त्यांच्या विलगीकरणावरून वाडीवाडीत भांडणं झाली, आणि ती सोडवायला पुढे आशाताई आणि उपकेंद्राची सिस्टर. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं घरोघर सर्वेक्षण. मग दुसरी लाट. ती ऐन भरात असताना मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, वीज गेली. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली. पीपीई किटमध्ये मे महिन्याच्या दमट उकाड्यात सहा-सहा तास पाण्याचा घोट न घेता काढलेली बाई घरी येते तर घराचं छप्पर नाही. या सगळ्यात बसून रडायला कुणाला सवड होती? मालवणकडच्या एका आशाताईंनी मला २०२२ मध्ये जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही: "माका झोप येणा नाय, आणि रडूक पण येणा नाय."

पण तुमच्या पत्रातला खरा काटा मॉनिटर नाही, तो चमचाभर पाणी आहे.

भीतीने होणारी जखम वेगळी आणि हातून जे व्हायला हवं होतं ते न झाल्याने होणारी जखम वेगळी. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९०च्या दशकात दुसऱ्या प्रकाराला नाव दिलं. मराठीत त्याला मी नैतिक जखम म्हणते. ती चांगल्या माणसांना होते, कारण काय योग्य आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि तसं करायला साधनं, माणसं किंवा वेळ हातात नसतो. शेवटच्या क्षणी तोंडात पाणी घालणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. ते आजोबा तुमचे कुणी नव्हते, पण त्या रात्री लेकीच्या जागी तुम्ही उभ्या होतात. नंतरही घरच्यांना नीट चेहरा बघायला मिळाला नाही, विधी धड झाले नाहीत. त्या मृत्यूची जवळची साक्षीदार एकटी तुम्ही. म्हणून ते ओझं तुमच्याकडे राहिलं.

अशा वेळी लोक म्हणतात, "तुमची काही चूक नव्हती, विसरून जा." हे प्रेमाने म्हटलं जातं, पण उपयोगी पडत नाही, आणि मी ते म्हणणार नाही. मी तुम्हाला हिशोब करायला सांगेन, कागदावर, आकड्यांनी. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. एका पेशंटला मिनिटाला १५ लिटर लागले तर तो पावणेआठ तास पुरतो. तुमच्याकडे १० जण त्या फ्लोवर होते, म्हणजे मिनिटाला १५० लिटर, म्हणजे दर पाऊण तासाला एक सिलिंडर रिकामा. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका असावी, असं मानतात. तुम्ही दोघी १४ जणांना होतात, आणि त्यातली एक नुकती रुजू झालेली. आता त्या कागदाचे दोन रकाने करा. एकात त्या रात्री माझ्या हातात काय होतं. दुसऱ्यात काय नव्हतं, आणि ते कुणाच्या हातात होतं. पाणी न घालणं पहिल्या रकान्यात येतं. तो निर्णय तुमचा होता, आणि तुमच्या शिक्षणाप्रमाणे बरोबर होता. बायपॅपवर धाप लागलेल्या माणसाला पाणी पाजणं म्हणजे त्याला गुदमरवणं. पण त्या लेकीजवळ दोन मिनिटं थांबून "मी त्यांचा हात धरलाय" असं म्हणायला वेळ नसणं, ते दुसऱ्या रकान्यातलं. ते मनुष्यबळाचं, सिलिंडरच्या गाडीचं, वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या पदांचं आहे. ते तुम्ही आपल्या नावावर लिहून घेतलंय. ते तिथून खोडायचं आहे.

पहिल्या रकान्यात कधीकधी खरी चूकही सापडते. एखादं औषध उशिरा दिलं गेलं, एखाद्यावर आपण ओरडलो. ती असेल तर तिला चूक म्हणा, पण त्या चुकीच्या आकाराएवढीच. विवेकनिष्ठ मानसोपचारात आम्ही पेशंटच्या वाक्यातला 'च' शोधतो. "मी त्यांना शांत मरण द्यायला हवं होतं" हे दुःख आहे. "मी द्यायलाच हवं होतं" ही स्वतःला दिलेली शिक्षा आहे. पहिलं वाक्य तुमच्याजवळ आयुष्यभर राहील आणि राहू दे. दुसऱ्यातला 'च' काढायला मदत लागते, तो एकट्याने निघत नाही.

इथे गाऱ्हाण्याची गोष्ट सांगते. आपल्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मनातल्या मनात घालत नाहीत. चारचौघांत, मोठ्याने, काय झालं ते नावनिशीवार सांगतात आणि जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणतात. सांगणारा एकटा राहत नाही. मी उपचारात याच वळणाने जाते. पेशंटला त्या रात्रीचं सगळं क्रमाने लिहायला सांगते: किती वाजले होते, उजेड कसा होता, कुणी काय म्हटलं, तुमच्या हातात काय होतं. मग ते माझ्यापुढे मोठ्याने वाचायचं. पहिल्यांदा वाचताना आवाज फुटत नाही. चौथ्या-पाचव्यांदा ते वाचलं जातं तेव्हा ती रात्र अंगावर येण्याऐवजी आठवणीत जाऊन बसू लागते. हे करण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धती आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आहे, टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार आहे, डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारी ईएमडीआर ही पद्धत आहे. साधारण ८ ते १५ बैठका लागतात. कृपा करून हे घरी एकट्याने, रात्री, नाइटवरून आल्यावर करू नका. वरचे दोन रकाने घरी करायला हरकत नाही, पण ती रात्र शब्दाशब्दाने उघडायची तर समोर शिकलेला माणूस हवा.

खेकसण्याचा धागा निराळा आहे. कामाचा न संपणारा ताण साचत गेला की आधी माणूस पिळवटून निघतो, मग समोरच्या माणसाबद्दल काही वाटेनासं होतं, आणि शेवटी आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं वाटू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन या तीन खुणांनी केलं आणि तो आजार नसून कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट आहे, असं मुद्दाम नोंदवलं. मला तो भेद फार महत्त्वाचा वाटतो. आजार तुमच्या आत असतो, बर्नआउटचं मूळ ड्यूटीच्या तक्त्यात असतं. तुम्ही कितीही प्राणायाम केलात आणि महिन्याला १२ नाइट लागतच राहिल्या, तर तो उतरणार नाही. पण मुलाच्या वाढदिवसाला काही न वाटणं मात्र नुसत्या बर्नआउटने होत नाही. ते घरापर्यंत आलंय, म्हणून तिथे नैराश्य तपासलं पाहिजे. पीएचक्यू-९ ही साधी प्रश्नावली तुमच्याच रुग्णालयात मिळेल. ९ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण. १० किंवा त्याहून जास्त आले तर लांबणीवर टाकू नका. आणि हे सगळं मनाचंच आहे असं मीही धरून चालणार नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, रक्तदाब तपासून घ्या. तुमचं वय पाळीच्या बदलांचं आहे, त्यानेही झोप उडते. तुम्हाला स्वतःला दोनदा कोविड झालाय, त्याचा थकवाही लांबतो.

गोळीबद्दल थोडं कडक बोलते. अल्प्राझोलामने झोप लागते पण आघात भरत नाही, आणि रोज घेतली की शरीराला तिची सवय होते. पीटीएसडीसाठी ती वापरू नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही माझं वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. दोन वर्षांची गोळी अचानक थांबवली तर थरथर, घाम, पूर्वीपेक्षा वाईट झोप, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर ती आठवड्याआठवड्याने उतरवतील, आणि गरज वाटली तर सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखं नैराश्यावरचं आणि चिंतेवरचं औषध सुरू करतील. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि अनेक जणी तिथेच सोडून देतात. तुम्ही पेशंटला "कोर्स पुरा करा" म्हणता ना, तेच आता स्वतःला सांगायचं आहे. आपण आरोग्यवाले स्वतःच्या औषधांच्या बाबतीत फार बेफिकीर असतो. कपाट हाताशी असतं आणि विचारणारं कुणी नसतं.

याच कारणाने आता एक प्रश्न सरळ विचारते. जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं, असा विचार येतो का? विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट तो एकट्याने वाहायची सक्ती संपते. उत्तर होय असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा. नवऱ्याला किंवा एका मैत्रिणीला आजच सांगा, घरातली औषधं त्यांच्या ताब्यात द्या, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. तातडीचं असेल तर जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, अगदी तुमची स्वतःचीसुद्धा. आणि ज्यांनी असा प्रयत्न केला त्यांना पोलिस केसची भीती असते, म्हणून हेही सांगते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवत नाहीत.

जाऊ कुठे, हा प्रश्न कोकणात सगळ्यात अवघड. तालुक्याच्या गावात माझ्या दवाखान्याबाहेर कुणाची स्कूटर उभी आहे हे संध्याकाळच्या भाजीच्या पिशवीबरोबर घरोघर पोचतं. त्यात रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. पिढ्यान्‌पिढ्या "याला रत्नागिरीला न्या" हे वाक्य शिवीसारखं वापरलं गेलं. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप न येणाऱ्या, धडधड होणाऱ्या, चारचौघांसारखी नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी येतात आणि औषध घेऊन दुपारच्या एसटीने घरी जातात, हे कुणी सांगत नाही. तुमच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आहे. पण ओळखीच्या सिव्हिलमध्ये जायला तुमचं मन धजत नसेल तर ते मी समजू शकते. मग दुसऱ्या जिल्ह्यातला डॉक्टर निवडा आणि व्हिडिओवर बोला. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांपासून याला रीतसर मान्यता आहे. घरात एकांत नसेल तर सड्यावर जा, गाडीत बसा. माझ्या दोन पेशंट सुट्टीच्या दिवशी बंद असलेल्या उपकेंद्रात बसून माझ्याशी बोलत. उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणं हा त्याच २०१७च्या कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे. तो पाळला जाईल का, हे पहिल्या भेटीतच विचारा. मला असं विचारलेलं आवडतं.

सासूबाईंच्या कौलाबद्दल. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना जे येतं ते त्या तुमच्यासाठी करू बघतायत. देवळात जाऊन बरं वाटत असेल तर जरूर जा. त्या आजोबांच्या नावाने नारळ ठेवावासा वाटला तरी ठेवा, त्यात मला उपचाराला बाधक काही दिसत नाही. फक्त 'हे कुणी केलं' या दिशेने गोष्ट गेली की थांबा. देवस्कीत कुणाचं तरी नाव निघतं, भावकीत तेढ पडते, आणि वर्षभर औषध मागे पडतं. मी हे पाहिलं आहे, आणि मागे पडलेलं ते वर्ष फार महाग असतं.

नोकरी सोडू का? आत्ता नाही. नैराश्यात मोठे निर्णय घेऊ नयेत, कारण तेव्हा पुढचं सगळं एकाच रंगाचं दिसतं. उपचार सुरू करून निदान तीन-चार महिने झाले की पुन्हा विचार करा. तेव्हाही सोडावीशी वाटली तर तो तुमचा मोकळ्या मनाने घेतलेला निर्णय असेल आणि मी त्याच्या बाजूने उभी राहीन. तोवर वैद्यकीय रजा घ्या, परत आल्यावर काही काळ नाइट नको आणि श्वसनाचे पेशंट नकोत, असं लेखी मागा. इन्चार्ज सिस्टरना सगळं सांगायची गरज नाही. "प्रकृतीच्या कारणाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने" एवढं पुरेसं आहे.

हे पत्र एखाद्या इन्चार्ज सिस्टरनी किंवा अधीक्षकांनी वाचलं तर त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सगळ्यांना सभागृहात बसवून तणावमुक्तीचं व्याख्यान, वर गुलाबाचं फूल, हे थांबवा. आणि मोठी घटना झाली की सक्तीने एकदाच सगळ्यांना गोल बसवून मन मोकळं करायला लावणं, तेही नको. अशा एका बैठकीच्या पद्धतीचा अभ्यास झालाय, तिने पुढचा आघात टळत नाही, काहींचा त्रास वाढतोसुद्धा. त्यापेक्षा मानसिक प्रथमोपचाराची साधी रीत धरा: बघा, ऐका, योग्य ठिकाणी जोडून द्या. ज्याला बोलायचं नाही त्याला चहा द्या आणि घरी सोडा. वॉर्डात कुणी गेलं की पुढचं काम सुरू करण्याआधी जी माणसं तिथे होती त्यांनी मिनिटभर उभं राहावं, मावशी आणि मामांसकट. एका ग्रामीण रुग्णालयात आम्ही महिन्यातून एका शनिवारी ओपीडीनंतर पाऊण तास बसत होतो, साहेब नाहीत, वही नाही, हजेरी नाही. पहिले दोन महिने सगळे रजा आणि पगारावरच बोलले. तिसऱ्या महिन्यात एका ब्रदरनी पहिल्यांदा एका पेशंटचं नाव घेतलं. तेवढा वेळ लागतो, तो द्या. आणि रिकामी पदं भरा, कारण मी कितीही समुपदेशन केलं तरी १४ पेशंटना दोघी हे गणित त्याने बदलत नाही.

आशाताईंचं दुःख मला जास्त सलतं. त्यांना ड्यूटी रूम नव्हती, पगार नव्हता, मोबदला होता. साथीत ज्या वाडीने त्यांच्यासाठी दारं बंद केली, त्याच वाडीत आज त्या लसीकरणाला फिरतात. तुमच्या कार्यक्षेत्रातल्या एखादीला हे पत्र वाचून दाखवलंत तर बरं होईल.

मी स्वतः त्या काळात रात्री उशिरापर्यंत तुमच्यासारख्यांचे फोन घेत होते. २०२२ च्या पावसाळ्यात फोन वाजला की माझा घसा आवळू लागला, आणि मी माझ्या जुन्या शिक्षकांकडे उपचारासाठी गेले. सहा महिने जात होते. म्हणून मी हे सगळं काठावरून सांगत नाहीये.

शेवटचं, त्या लेकीचा नंबर. तो अजून फोनमध्ये आहे, खोडवत नाही आणि लाववत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो खोडू नका, आणि आत्ता लावूही नका. आत्ता लावलात तर तुम्ही तिच्याकडे माफी मागायला जाल, आणि तुम्हाला सावरण्याचं काम तिच्यावर पडेल. उपचारांच्या पाच-सहा बैठका होऊ द्या, मग तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आधी एक छोटा निरोप पाठवून तिला बोलायचं आहे का ते विचारा. नाही म्हणाली किंवा उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा. हो म्हणाली तर सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन करा, नाइट उतरून आल्या आल्या नको. सुरुवात "माफ करा"ने करू नका. "मी त्या रात्री तुमच्या वडिलांच्या जवळ होते" असं म्हणा, आणि पाणी का घालता आलं नाही ते तिला साध्या शब्दांत सांगा. कदाचित तिलाही इतकी वर्षं तेच विचारायचं असेल.